टीप कोणासाठी? : चाहत्यांची भाषांतरे, दोन जपानी मालिका आणि शहापूर-मुरबाडचा प्रेक्षक

१

मराठी समीक्षेतील भाषांतरविषयक चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. भाषांतर मूळ संहितेशी किती प्रामाणिक आहे, हा पहिला. आणि ते मराठीत कितपत रुळले आहे, हा दुसरा. यांच्याइतकाच महत्त्वाचा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. भाषांतरकाराने आपल्या वाचकाला कोणत्या बाबतीत अजाण गृहीत धरले आहे? प्रत्येक भाषांतर काही गोष्टी उलगडून सांगते आणि काही न सांगता पुढे जाते. जे उलगडले जाते ते वाचकाला अनोळखी असावे आणि जे उलगडले जात नाही ते त्याच्या रोजच्या सरावातले असावे, असा एक अलिखित करार त्यामागे असतो. तळटीप ही या दृष्टीने भाषांतरातली सर्वांत बोलकी जागा होय. कारण तेथे अभिप्रेत वाचकाचे अज्ञान अक्षरशः लिहून ठेवलेले असते.

जपानी चलच्चित्रमालिका, म्हणजे अ‍ॅनिमे, यांची चाहत्यांनी केलेली भाषांतरे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहेत. व्यावसायिक उपशीर्षककार टीप टाळतो. पडद्यावर अक्षरे किती वेळ राहणार, एका ओळीत किती मावणार, याची त्याला चिंता असते आणि आपण मध्ये आहोत हे प्रेक्षकाला जाणवू नये, हे त्याचे ध्येय असते. चाहत्याला असे ध्येय नसते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत व्हिडिओ कॅसेटींवर आणि पुढे संगणकावर पसरत गेलेल्या या भाषांतरांत पडद्याच्या वरच्या कडेला टिपा येऊ लागल्या. 'सान', 'चान' ही आदरार्थी-लाडकी शेपटे तशीच राहू लागली. एखादा शब्द भाषांतर न करता सोडून देण्यात अभिमान वाटू लागला. चित्रपटाचे अभ्यासक आबे मार्क नॉर्नेस यांनी १९९९ मधील एका निबंधात रूढ उपशीर्षकांना भ्रष्ट म्हटले आणि मूळ भाषेचे परकेपण लपवू न पाहणाऱ्या उपशीर्षकांची बाजू घेतली, तेव्हा त्यांच्यासमोर अ‍ॅनिमेच्या चाहत्यांचीच उदाहरणे होती.

या व्यवहाराची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. ही भाषांतरे हक्कधारकाच्या परवानगीवाचून झालेली असतात. अधिकृत प्रत बाजारात आली की आपली प्रत मागे घ्यावी, असा संकेत चाहत्यांत रूढ होता आणि तो नेहमी पाळला गेला असे नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'क्रंचीरोल'वर आरंभी अशाच विनापरवाना प्रती होत्या. २००९ पासून ती परवानाधारक संस्था झाली आणि २०२१ मध्ये सोनी समूहाच्या मालकीची झाली. ज्या हौसेने हा व्यवहार उभा राहिला तिच्यातून एक बाजारपेठ निघाली, असा हा प्रवास आहे. मात्र चाहत्यांनी घडवलेली वाचनाची सवय बाजारपेठेनंतरही टिकून आहे. अ‍ॅनिमे पाहणारा प्रेक्षक अजूनही भाषांतराकडे संशयाने पाहतो, दोन प्रतींची तुलना करतो, शब्दांवरून वाद घालतो. साहित्याच्या वाचकाला भाषांतराबद्दल इतके जागरूक राहण्याची सवय आपल्या अभ्यासक्रमांनी लावलेली नाही.

२

हे इंग्रजी भाषांतर ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत वाचले गेले तर काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे. शहापूर-मुरबाडचा प्रेक्षक म्हणजे येथे कोणी ठरावीक व्यक्ती अभिप्रेत नाही. वाचनाची ती एक जागा आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी ही कसारा मार्गावरची स्थानके एका बाजूला आणि कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता दुसऱ्या बाजूला. भाताची खाचरे, ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे पाडे आणि वाड्या. आणि या सगळ्यावर पडलेली मुंबईची छाया. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावरही हे दोन्ही तालुके ठाण्यातच राहिले. महानगराला इतके जवळ आणि तरीही त्याच्या बाहेर, असे हे स्थान आहे. जपानी मालिका येथे पोहोचते ती इंग्रजीच्या किंवा हिंदीच्या दारातून. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डिमन स्लेयर' मालिकेचा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट भारतभर प्रदर्शित झाला तो जपानीखेरीज इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत. मराठी त्या यादीत नव्हती.

अशा प्रेक्षकासमोर ठेवण्यासाठी दोन मालिका येथे निवडल्या आहेत. पहिली 'मुशिशी' : युकी उरुशिबारा यांच्या चित्रकथेवरून हिरोशी नागाहामा यांनी दिग्दर्शित केलेली, २००५-०६ मधील २६ भागांची मालिका. परवानाधारक इंग्रजी प्रत २००७ मध्ये येईपर्यंत जपानबाहेरच्या जगाला ती चाहत्यांच्या भाषांतरांतूनच माहीत झाली. दुसरी 'नोन नोन ब्योरी' : आत्तो यांच्या चित्रकथेवरून शिन्या कावात्सुरा यांनी दिग्दर्शित केलेली, २०१३ च्या अखेरीस आलेली १२ भागांची मालिका, २०१५ आणि २०२१ मध्ये तिची पुढची पर्वे आली. दोन्ही मालिका खेड्यात घडतात. दोन्हींत घराची ओसरी आहे, भातशेती आहे, आजी आहे. चाहत्यांच्या प्रतींत टीप देण्याचा प्रघात आहे तो नेमका अशाच गोष्टींवर. ओसरीला जपानीत काय म्हणतात, दिवंगतांसाठी काय ठेवतात, मोठ्या बहिणीला नावाने का हाक मारत नाहीत, हे टिपेत सांगितले जाते. याउलट भुयारी रेल्वे, चोवीस तास उघडे राहणारे दुकान, शाळेनंतरची शिकवणी यांवर टीप नसते.

मुरबाडच्या प्रेक्षकासाठी हा क्रम उलटा होतो. ज्यावर टीप आहे ते त्याला ठाऊक आहे. ज्यावर टीप नाही तेथे त्याला अडखळायला होते. टिपेचा आव जपान समजावून देण्याचा असतो; प्रत्यक्षात ती शहरातील मध्यमवर्गीय इंग्रजी वाचकाचे घर कोठे आहे हे सांगत असते. चाहत्यांच्या भाषांतराचे मोठेपण असे की ते परक्याला परके राहू देते. त्याची मर्यादा अशी की परके कोणाला, हा प्रश्न त्याला पडत नाही. चाहत्यांच्या जगात विनोद म्हणून पसरलेले एक उदाहरण येथे आठवते. 'डेथ नोट' या मालिकेच्या म्हणून फिरणाऱ्या एका उपशीर्षकात 'केइकाकु' हा जपानी शब्द तसाच ठेवून, त्याचा अर्थ योजना असा आहे, अशी टीप दिली आहे. सरळ प्रतिशब्द असताना टीप कशाला, हा त्यातला विनोद. परंतु त्यात विनोदापलीकडचेही काही आहे. तेथे टीप ज्ञान देण्यासाठी नाही. आपण आत आहोत आणि इतर बाहेर, हे दाखवण्यासाठी आहे.

३

'मुशिशी'ची कथाभूमी एदो आणि मेइजी या कालखंडांच्या मधली, काल्पनिक आहे. गिंको हा फिरता वैद्य गावोगावी जातो आणि 'मुशी' नावाच्या जीवांमुळे उद्भवलेल्या व्याधींचा माग काढतो. मुशी प्राणी नाहीत, वनस्पती नाहीत, भुतेही नाहीत. जीवनाच्या अगदी तळाशी, प्रकाशाला आणि आकाराला लागून असलेले ते काही आहे. इंग्रजी प्रतींत 'मुशी' हा शब्द बहुधा तसाच राहतो. जपानीत त्याचा रोजचा अर्थ किडा असा आहे. शिवाय पोटातला राग, मनाला आधीच लागलेली चाहूल, अशा गोष्टी सांगणाऱ्या वाक्प्रचारांतही तोच शब्द येतो. इंग्रजी वाचकाला हे अर्थवलय टिपेवाचून कळणे शक्य नाही. मराठीत मात्र डोक्यात किडा वळवळतो, आणि एखाद्याच्या अंगातच किडा असतो. म्हणजे देहाच्या आत राहणारा, माणसाचा असूनही माणसाचा नसलेला किडा मराठीला ओळखीचा आहे. ग्रामीण मराठीत रात्रीच्या वेळी सापाला साप न म्हणता 'जनावर' म्हणण्याची रीत आहे. नाव घेतले की ते येते, म्हणून नाव न घेणारे नाव, ही कल्पना 'मुशी' या शब्दाच्या फार जवळ जाते.

या जवळिकीतच एक धोका आहे. शहापूर-मुरबाडच्या डोंगरात वाघोबा आहे, गावदेवी आहे, देवराई आहे; तेव्हा मुशी म्हणजे आपल्याकडचे तेच, असे म्हणण्याचा मोह होतो. 'आपल्याकडेही असेच आहे' हे वाक्य तौलनिक साहित्याभ्यासातले सर्वांत आळशी वाक्य होय. वाघोबा हा देव आहे. त्याला वर्षाकाठी काही द्यावे लागते, तोही आपली मर्यादा पाळतो. माणूस आणि वाघ-बिबट्या यांनी एकाच रानात कसे राहावे याचा करार त्या पूजेत आहे. मुशीशी करार होत नाही. त्याला नवस बोलता येत नाही, कोंबडे देता येत नाही, त्याचा कोपही होत नाही, कारण त्याला हेतूच नाही. गिंकोला करता येते ते इतकेच, की माणसाने किंचित बाजूला सरकावे किंवा किंचित सोसावे. 'मुशी'साठी 'देव' चालत नाही, 'भूत' चालत नाही. 'किडा' आणि 'जनावर' हे शब्द चालतात ते त्यांत श्रद्धेपेक्षा सावधपणा अधिक आहे म्हणून.

मालिकेचा पाचवा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पुराच्या वेळी एका मुलीला नदीच्या देवाची वधू म्हणून पाण्यात सोडले जाते. ती मरत नाही; एक हिरवे, चालणारे पाणी तिला आपल्यात घेते आणि समुद्राकडे निघते. डोंगरातून उतरत, मुक्काम करत ते जलाशयच प्रवास करते. गिंकोच्या ध्यानात येते की हा देव नव्हे. हा आयुष्याच्या अखेरीस आलेला जीव आहे आणि समुद्रात विरून जाणे हा त्याचा शेवट आहे. मुलीला त्याच्यासोबत विरून जायचे असते, कारण जिने तिला टाकले नाही अशी तेवढी एकच गोष्ट तिच्या वाट्याला आली आहे. खाडीच्या मुखाशी कोळ्यांची जाळी लावून तिला बाहेर काढले जाते.

इंग्रजीत या जलाशयासाठी येणाऱ्या शब्दाला दलदलीचा आणि कुबट वासाचा संस्कार चिकटलेला आहे. मराठीत 'डोह' म्हटले की चित्र बदलते. डोहाला खोली आहे, गारवा आहे, आणि महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी डोहात साती आसरा आहेत. हा लाभ फुकट मिळत नाही. 'डोह' हा शब्द आला की आसरा येतात, आसरा आल्या की देवी आणि कोप ही चौकट येते. आणि ज्या चौकटीचा निरास करण्यासाठी ही कथा लिहिली गेली तीच चौकट भाषांतर मागच्या दाराने आत घेते. गावकऱ्यांच्या तोंडी 'डोह' आणि गिंकोच्या तोंडी नुसते 'पाणी', अशी वाटणी करता आली तर ही कोंडी सुटू शकेल. गाव ज्याला देव मानते त्याला वैद्य पाणी म्हणतो, हा कथेतील संघर्ष मग शब्दांच्या निवडीतच उतरेल. इंग्रजी प्रतींना ही वाट उपलब्ध नाही, कारण त्यांच्या शब्दाभोवती वाद घालण्याजोगा देवच नाही.

शहापूरच्या प्रेक्षकासाठी या भागाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो ना जपानी संहितेत आहे ना इंग्रजी टिपेत. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण याच तालुक्यात आहे. मुंबईच्या पाण्यापैकी सुमारे निम्मे पाणी पुरवणारे भातसा धरणही याच तालुक्यात आहे. उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. गावातले पाणी उठून समुद्राकडच्या शहराला चालत जाते, ही येथे कल्पितकथा नाही. फरक इतकाच की मालिकेतले पाणी ज्या मुलीला गावाने टाकले तिला सोबत घेऊन जाते. जलवाहिनीतले पाणी कोणालाच घेऊन जात नाही. गिंकोसारखा हेतुशून्य निसर्गाचा विचार येथे पुरेसा ठरत नाही, कारण जलवाहिनीला हेतू आहे. 'मुशिशी'बद्दलचा खरा आक्षेपही हाच. तिच्यात दुःख आहे, दारिद्र्य आहे, पण अन्यायाला कर्ता नाही. सगळ्या व्याधी मुशीमुळे होतात आणि मुशी निरपराध असतात. या निरपराधपणातून मालिकेचे शांत सौंदर्य आले आहे, आणि तीच तिची वैचारिक मर्यादाही आहे.

तरीही मालिकेचा विसावा भाग ही मर्यादा ओलांडतो. तान्यू या मुलीच्या पायात तिच्या पूर्वजांनी कोंडलेला मुशी आहे. तेथली कातडी काळी पडली आहे. मुशींना मारल्याच्या हकिकती ऐकून त्या लिहून काढल्या की देहातला काळिमा अक्षरांच्या रूपाने कागदावर उतरतो आणि तेवढा मुशी बंदिस्त होतो. हे लिहिणे वेदनामय आहे आणि पिढ्यान् पिढ्या चालले आहे. कधी कागदावरची अक्षरे सुटतात, भिंतीवर चढतात; ती काड्यांनी एकेक उचलून पुन्हा कागदावर ठेवावी लागतात. हत्येच्या हकिकतींनी तान्यू थकली आहे. ज्यांत मुशी मरत नाही अशा कथा तिला ऐकायच्या आहेत, आणि त्या सांगणारा गिंको आहे. येथे लेखन ही अभिव्यक्ती नाही. ते वंशपरंपरेने आलेले एक काम आहे आणि त्यात हिंसेची नोंद अपरिहार्य आहे. वसाहतकाळातील गॅझेटियरे, जातीजमातींची वर्णने, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या याद्या यांतून ज्यांची नावे प्रथम छापली गेली त्या कातकऱ्यांच्या प्रदेशात हा भाग पाहताना कागदावर कोंडलेला जीव हे नुसते रूपक राहत नाही. अ‍ॅनिमेच्या चर्चेत क्वचित आढळणारी वैचारिक घनता या एका भागात आहे, आणि समीक्षेच्या विद्यार्थ्याने या मालिकेकडे वळावे यासाठी तो एकटा पुरेसा आहे.

४

'नोन नोन ब्योरी'चा पिंड वेगळा आहे. तिच्यात कथानक जवळजवळ नाहीच. टोकियोहून आलेली होतारू एका खेड्यातल्या शाळेत दाखल होते आणि शाळेची पटसंख्या पाच होते. पाचही मुले वेगवेगळ्या इयत्तांत, एकाच वर्गखोलीत; शिक्षिका त्यांतल्या सर्वांत धाकट्या रेंगेची थोरली बहीण, आणि ती बहुतेक वेळ झोपलेली. बस क्वचित येते. ऋतू बदलतात. मुले ओढ्यावर जातात, खाऊच्या दुकानात जातात. जपानीत अशा मालिकांना मनाला उतारा देणाऱ्या मालिका म्हणून ओळखले जाते.

भाषांतराच्या दृष्टीने मालिकेची सगळी गंमत रेंगेच्या बोलण्यात आहे. पहिलीतली ही मुलगी स्वतः तयार केलेल्या शब्दाने सगळ्यांना अभिवादन करते आणि वाक्याच्या शेवटी स्वतःचाच एक प्रत्यय लावते. स्वतःसाठी ती 'उचि' म्हणते. त्या शब्दात घर आणि मी हे दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजी उपशीर्षकात राहतो तो नुसता 'मी'. मराठीत 'आपण' या सर्वनामात मी, आपण सगळे आणि समोरचा आदरणीय माणूस असे तिन्ही मावतात. पहिलीतल्या मुलीने स्वतःला 'आपण' म्हणणे ऐटदार आणि विनोदी दोन्ही होईल. खाऊच्या दुकानाच्या मालकिणीला रेंगे तिच्या नावाने न ओळखता दुकानाच्याच नावाने हाक मारते. इंग्रजीत हे विचित्र दिसते. ज्या भाषेत माणसाला त्याच्या धंद्याच्या नावानेच हाक मारली जाते, त्या मराठीत ते सहज आहे.

ध्वनीच्या बाबतीतही तसेच. जपानीत शांततेसाठीही अनुकरणवाचक शब्द आहे. इंग्रजीला तेथे शांतता असा शब्द कंसात टाकण्यापलीकडे काही सुचत नाही. मराठीत 'शुकशुकाट' आहे, 'सामसूम' आहे, आणि रातकिड्यांच्या आवाजावरून अंधाराला लावलेले 'किर्र' हे विशेषण आहे. आवाजातून निःशब्दता दाखवण्याची शक्ती मराठीत आहे, आणि ती पुस्तकी मराठीपेक्षा पाड्यावरच्या बोलीत अधिक आहे.

चौथ्या भागात रेंगेला होनोका नावाची समवयस्क मैत्रीण मिळते. ती सुटीपुरती आजीकडे आलेली असते. काही दिवस दोघी सोबत हिंडतात; एके सकाळी रेंगे तिला बोलवायला जाते तेव्हा आजी सांगते की वडिलांच्या कामामुळे ते अचानक परत गेले. त्यानंतर दृश्य रेंगेच्या चेहऱ्यावर थांबते आणि थांबूनच राहते. चेहरा हलत नाही. डोळे हळूहळू भरतात. व्यापारी चलच्चित्रांत इतका वेळ काहीही न घडू देण्याचे धाडस विरळा. उपशीर्षकाला तेथे काम नाही, टिपेलाही नाही; आणि म्हणूनच मालिकेतील हा सर्वांत भाषांतरक्षम क्षण आहे.

याच क्षणी मालिकेचे खोटेपणही उघड होते. पहिल्याच भागात रेंगेला प्रश्न पडतो की आपण राहतो ते खेडे आहे काय. प्रश्न निरागस आहे, पण तो टोकियोहून मुलगी आल्यावर पडतो. म्हणजे खेडे हे खेडे आहे हे शहराच्या नजरेशिवाय ठरत नाही. मालिका हे ओळखते आणि ओळखून हसून सोडून देते. शाळेचे नाव आपल्याला कळते. गाव नकाशावर कोठे आहे ते कळत नाही. कर्ज नाही, स्थलांतर नाही, रिकामी पडलेली घरे जवळजवळ नाहीत. निघून जाणारे मूल नेहमी शहराकडून आलेले असते आणि शहराकडेच परत जाते. पावसाळ्यात माळशेजचे धबधबे पाहायला येणाऱ्या गाड्यांना मुरबाड जसा दिसतो, तसे हे खेडे आहे.

मुरबाडच्या वाड्यांवरून पाहिले तर होनोकाचे जाणे उलट दिशेने वाचावे लागते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात तेव्हा वर्गातले मूल एका सकाळी नसते. निरोप नसतो, पुढे येणारे पत्र नसते. मागे राहिलेल्या मुलीच्या डोळ्यांत भरून येणारे पाणी मात्र तेच असते. मालिकेने दाखवलेली भावना खरी आहे; त्या भावनेला तिने दिलेले कारण सोयीचे आहे. या प्रेक्षकाला ही मालिका आवडू शकते, किंबहुना 'मुशिशी'पेक्षा अधिक आवडू शकते. पण त्याला आवडताना तिच्यात स्वतःचे कारण भरून घ्यावे लागते. हे भरून घेणे म्हणजेच भाषांतर, असे म्हणता येईल.

५

मग या प्रेक्षकासाठी सगळेच स्थानिक करून टाकावे काय? मराठीला ही वाट नवी नाही. 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' (१८९०) करणाऱ्या देवलांच्या पिढीने रूपांतराला प्रतिष्ठा मिळवून दिली. अ‍ॅनिमेतही असे प्रयोग झाले आहेत. बेसबॉलवरची जपानी मालिका 'क्योजिन नो होशी' २०१२ मध्ये 'सूरज : द रायझिंग स्टार' या नावाने भारतीय दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा बेसबॉलचे क्रिकेट झाले आणि टोकियोची मुंबई. त्याआधी 'द जंगल बुक'वरची निप्पॉन अ‍ॅनिमेशनची १९८९-९० मधील मालिका दूरदर्शनवर 'मोगली' होऊन आली; शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज मिळाला आणि एका पिढीला ती जपानी आहे याचा पत्ताही लागला नाही. रूपांतराचा लाभ मोठा आहे. त्याची किंमत अशी की परके काहीच उरत नाही. 'सूरज'मध्ये प्रेक्षकाला जपानविषयी प्रश्न पडत नाही आणि मुंबईविषयीही नवे काही कळत नाही.

चाहत्यांचे भाषांतर रूपांतरापेक्षा टीकेच्या परंपरेला अधिक जवळचे आहे. 'टीका' हा शब्द येथे जुन्या अर्थाने घ्यावयाचा आहे. मूळ समोर ठेवून, ते न झाकता, त्याच्या शेजारी बोलणे म्हणजे टीका. 'भावार्थदीपिका' (१२९०) ही गीतेची टीका आहे, आणि संस्कृतापासून दूर ठेवलेल्या श्रोत्याला समोर बसवून ती केलेली आहे. तिथले दृष्टान्त त्या श्रोत्याच्या जगातून आले. मूळ श्लोकाचे परकेपण तसेच राहिले. टीप कोणासाठी, याचे उत्तर त्या परंपरेत स्पष्ट होते. इंग्रजीतील अ‍ॅनिमे-भाषांतरांनी टीकेची शैली घेतली; तिचा श्रोता मात्र बदलला.

म्हणून मराठीत अशी भाषांतरे झाली तर ती इंग्रजी प्रतींवरून, त्यांच्या टिपांसकट, प्रमाण मराठीत उतरवणे हा सर्वांत निष्फळ मार्ग ठरेल. त्यात अमेरिकेतल्या वाचकाचे अज्ञान मराठी वाचकावर लादले जाईल. येथे देशीयतेचा आग्रहही तपासून घेतला पाहिजे. 'टीकास्वयंवर' (१९९०) पासून मराठीत देशीयतेची जी चर्चा झाली तिने परभृततेवर योग्य प्रहार केला. परंतु देशी म्हणजे कोणाचे देशी, हा प्रश्न शहापूर-मुरबाडसारख्या ठिकाणी पुन्हा उभा राहतो. ठाकुरांची बोली, कातकऱ्यांची बोली, वारली, आगरी आणि कुणब्यांची मराठी या एकाच खोऱ्यात आहेत. रेंगेच्या तोंडी यांतली कोणती द्यायची? कोणतीही दिली तरी पात्राला जात आणि जमात मिळेल, आणि ग्रामीण बोली आली की प्रेक्षक हसतो ही मराठी रंगभूमीने लावलेली सवय आड येईल. गिंकोसारख्या गंभीर, तत्त्वचिंतक पात्राने ठाकूर बोलीत बोलणे हा म्हणूनच या भाषेवरचा उपचार ठरेल. हे काम परवानाधारक कंपनी करणार नाही. तिला बाजार लागतो. ते करू शकेल असा व्यवहार हौसेचाच, आणि त्याचा अधिकार ज्यांची ती बोली आहे त्यांचा.

तशी प्रत उद्या कोणी तयार केली तर तिच्यातल्या टिपा कशा असतील, याचा अंदाज करता येतो. ओसरीवर टीप नसेल. आजीने रानाकडे बघून हात जोडले तर टीप नसेल. सापाला जनावर म्हटले तर नसेल. टीप लागेल ती 'नोन नोन ब्योरी'च्या पहिल्याच दृश्यांना. २०१७ मध्ये राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या १,३०० हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव पुढे आला. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला पडद्यावर पाच मुलांची शाळा दिसते, घंटा होते, वर्ग भरतो. ती शाळा अजून चालू कशी, हे त्याला कोणीतरी समजावून सांगावे लागेल.